काठीवरची दुसरी खाच

गेल्या रविवारी फोनवर बोलताना तुम्ही दोघं माझ्या पाठीमागच्या भिंतीवरचा फोटो बघत होता. धाकट्यानं विचारलं, "अज्जी, त्या हिरव्या गाडीचं नाक असं वर का आहे? विमान उडायला लागतं तसं?" मी काही बोलायच्या आत तुमच्या बाबांचा आवाज आला, "त्या मूर्ख मिस्त्रीनं करून ठेवलं होतं ते." मग तुमची जेवायची वेळ झाली आणि फोन बंद झाला.

तो फोटो बारा-तेरा वर्षं त्याच खिळ्यावर आहे. इतकी माणसं घरी आली, चहा पिऊन गेली. गाडीचं नाक वर आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर कोणी बोललं नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून त्या मिस्त्रींविषयी लिहिते. ते मूर्ख नव्हते. चमत्कारिक होते, फटकळ होते, आणि मला ते कधीच आवडले नाहीत.

त्यांचं गॅरेज उद्यमनगरात होतं. पत्र्याची शेड, दारात एक कडुनिंब, आणि आत मधोमध शहाबादी फरशीचा एक चौक. त्या चौकावर चपला घालून कोणी पाय ठेवायचा नाही, मग तो मालक असो की फौजदार. सकाळी आले की मिस्त्री तांब्याभर पाणी फरशीच्या मध्यावर ओतत आणि उकिडवे बसून बघत राहत. पाणी जागच्या जागी पसरलं तर दिवस चांगला. एका बाजूला ओघळलं तर त्या दिवशी गाडीची उंची मापायची नाही. मग फरशी उचकटून तिच्याखाली वाळू सारत बसत. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी त्यांना त्याचं काही नसे. "जमीनच वाकडी, तर गाडीला काय बोलायचं?" असं म्हणत.

तुम्हाला गाड्यांचं वेड आहे म्हणून सांगते. आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना वेटोळ्याची स्प्रिंग नव्हती. प्रत्येक चाकापासून गाडीच्या पोटाखालून एक लांब पोलादी दांडा मागं जाई. चाक उंचवट्यावर चढलं की ओला कपडा पिळावा तसा तो दांडा पिळला जाई आणि परत उलगडे. गाडीचं सगळं नाक त्या दोन दांड्यांवर तोललेलं. मिस्त्री त्यांना 'पीळ' म्हणत. वर्षानुवर्षं वजन वाहून पीळ सैलावतो आणि नाक खाली येतं. मग गाडी जॅकवर घ्यायची, दांड्याचं मागचं टोक मोकळं करायचं, तिथल्या भोकांच्या पट्टीवर ते एक भोक सरकवायचं आणि पुन्हा आवळायचं. गाडी खाली उतरवून हातानं पुढं-मागं ढकलायची, नाकावर दोन-चारदा दाबायचं, म्हणजे ती आपल्या जागेवर बसते. मग परत मापायचं. गाडी जॅकवर असेपर्यंत मिस्त्री चहाला हात लावत नसत. चहावर साय धरे, ती बोटानं काढून टाकत आणि गार चहा बशीत ओतून पीत.

टेप त्यांना चालत नसे. "टेप ओढंल तसा वाढतोय," असं त्यांचं म्हणणं. चाकामागच्या एका ठरावीक बोल्टापासून फरशीपर्यंतचं अंतर ते सागवानी काठीनं घेत. प्रत्येक गाडीची काठी वेगळी. तिच्यावर त्या गाडीच्या उंचीला एक खाच, आणि वरच्या टोकाला रंगाचा ठिपका. आमच्या काठीला हिरवा. भिंतीवर चाळीसेक काठ्या टांगलेल्या असायच्या. गाडीच्या मालकाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नसे. "हिरवी आली का? ती पांढरी न्या आता," असं चाले.

आणि त्यांचा सगळ्यांत मोठा हट्ट म्हणजे माप घेताना गाडीत घरची माणसं बसलेली हवीत. रोज जितकी बसतात तितकी, ज्याच्या त्याच्या जागेवर. "रिकामी गाडी खोटं बोलती," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. एकानं नुसता ड्रायव्हर पाठवला होता. मिस्त्रींनी त्याला फाटकातूनच परत लावलं. "डायवरच्या वजनावर मालकाची गाडी लावू व्हय? जा, घरातली घेऊन ये जा."

त्यामुळे आम्ही लग्नाला निघाल्यासारखे आवरून त्या शेडमध्ये जायचो आणि कुठंही न जाणाऱ्या गाडीत अर्धा-पाऊण तास बसून राहायचो. पुढं तुमचे अज्जा, त्यांच्या शेजारी तुमच्या पणजी, मागं मी. मिस्त्री खाली पालथे पडलेले, हातात काठी. एकदा खालूनच ओरडले, "आक्का, अडकित्ता कुठाय?"

सासूबाई म्हणाल्या, "घरी राहिला. त्याचं असं काय वजन असतंय?"

"वजनाचं न्हाई वो. त्याच्याबिगर तुम्ही सुपारी कातरत पुढं वाकून बसत न्हाई. रेलून बसलाय आज."

तुमचे अज्जा हसत हसत घरी जाऊन अडकित्ता घेऊन आले. सासूबाईंना त्या माणसाचं फार कौतुक होतं. "त्याला डोळं हायत," म्हणायच्या.

मला कौतुक नव्हतं, त्याला कारण आहे. एका वर्षी पर्युषणात आम्ही गेलो. माझा उपास होता. मिस्त्रींनी मला एकदा वरून खाली बघितलं आणि भर शेडमध्ये म्हणाले, "वहिनी, पाणी तरी घेतलंय का? आधीच अंगावर काय न्हाई, त्यात उपास. माप लागायचं न्हाई. पर्युषण झालं की या." पाच-सहा माणसं उभी होती, ती हसली. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, पहिल्या वर्गात एम.ए. झालेली. माझ्या वर्गात मुलं हसत नसत. मी मान खाली घालून गाडीत बसले. ते हसणं मी नीट घडी घालून ठेवून दिलं. माझ्याकडं सगळ्या वस्तू जागच्या जागी असतात.

पुढं एकदा जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. आमच्या गाडीचे पीळ तेव्हा चांगलेच सैलावले होते आणि नाक खाली आलं होतं. मिस्त्री एका भोकापेक्षा जास्त सरकवायला तयार नव्हते. "म्हातारं झालंय त्ये. ताठ उभं करू नका, शेठ," म्हणाले होते. मेळाव्यात एकानं सगळ्यांसमोर अज्जांना विचारलं, "काय हो, तुमची गाडी आम्हाला मुजरा घालतीय की काय?" शिरोलीला स्वतःची फाउंड्री असलेल्या माणसाला ते फार लागलं. त्यांनी कोणाकोणाला पत्रं घालून विलायतेहून त्या गाडीचं मूळ पुस्तक मागवलं. गाडी दुरुस्त कशी करायची, याचं कंपनीचं जाडजूड पुस्तक. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "यात उंचीचं खरं माप शोध. आता बघू तो काय म्हणतो."

मी शोधलं. त्या पानाचं मराठी करून एका कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. मुख्य आकडा लाल शाईनं, त्याखाली पट्टीनं दोन रेघा. कार्ड इतकं सुरेख झालं होतं की अज्जांनी ते फाउंड्रीतल्या लोकांना दाखवलं.

मिस्त्रींनी ते कार्ड हातात घेतलं नाही, हाताला ग्रीस होतं. मीच वाचून दाखवलं. त्यांनी आमची काठी काढली, त्यावर माझा आकडा धरून बघितला. मग मला विचारलं, "वहिनी, हे माप माणसं बसवून का रिकाम्या गाडीचं?"

पोरांनो, त्यांनी हे विचारलं होतं. अगदी याच शब्दांत. पुस्तक घरी होतं, घर दहा मिनिटांवर होतं. मी म्हणाले, "पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही."

"नीट बघितलंय न्हवं?"

"मिस्त्री, तिनं इंग्रजीत एम.ए. केलंय," अज्जा म्हणाले. "तू पाना चालव."

त्यांनी चालवला. पण आपल्या पद्धतीनं. आम्हाला तिघांना गाडीत बसवूनच. अडकित्त्यासकट. एक भोक सरकवलं, उतरवली, ढकलली, मापली. पुरेना. दुसरं. तिसरं. दुपार झाली. "इतक्या वर्षांत तीन भोकं कधी सरकवली न्हाईत," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. शेवटी काठी माझ्या आकड्याला टेकली. आम्ही तिघं उतरलो तशी गाडी पुढून आणखी उचलली गेली. "शेठ, नाक वर गेलंय," मिस्त्री म्हणाले. "स्टेरिंग हलकं लागंल. सांभाळून." अज्जा खूश होते. मुजरा संपला होता.

मिस्त्रींनी चाकूनं आमच्या काठीवर जुन्या खाचेच्या वर दुसरी खाच पाडली आणि काठी माझ्यासमोर धरली. "ही तुमची," म्हणाले.

फोटो त्यानंतरच्या रविवारचा आहे. सासूबाईंना गगनबावड्याचं धुकं बघायचं होतं. निघण्याआधी अज्जांनी गाडी फाटकासमोर उभी करून फोटो काढला. बुरबुर पाऊस होता. वाटेत अज्जा दोनदा म्हणाले, "काय हलकं झालंय बघ, एका बोटानं वळतंय." साळवणच्या पुढं एका वळणावर समोरून एसटी आली. त्यांनी डावीकडं घेत ब्रेक दाबला. गाडी हवी तितकी वळली नाही. रस्त्याकडेच्या मोरीच्या दगडावर जाऊन आदळली. अज्जांच्या कपाळाला खोक पडली, मला मुका मार लागला. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या पुन्हा चालल्या नाहीत. गाडी आम्ही तिथूनच भंगारात दिली.

रस्ता ओला होता. अज्जा जोरात चालवत होते. नाक खाली असतं तरी हे झालं असतं की नाही, मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. माझ्या वाट्याचं तेवढं मला माहीत आहे.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणलेल्या सासूबाईंच्या खाटेसाठी जागा करताना मी ते पुस्तक कपाटात ठेवायला घेतलं. ठेवण्याआधी ते पान उघडलं. पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरात एक ओळ होती: खालील सर्व मापे गाडीत कोणीही बसलेले नसताना घ्यावीत. कार्ड करताना ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती. प्रस्तावनेसारखं काहीतरी असेल म्हणून मी ती गाळली होती. आधी वरची सूचना वाचा, मग प्रश्नाला हात घाला, असं मी वर्गात पोरांना आयुष्यभर सांगत आले.

त्याच संध्याकाळी अज्जा उद्यमनगरातून लाल होऊन आले. शेडमध्ये दहा माणसांसमोर त्यांनी मिस्त्रींना नाही नाही ते बोलून घेतलं होतं. अज्जा म्हणाले, "भिंतीवरची काठी काढून माझ्यासमोर ठेवली, आणि म्हणतो, 'वहिनींना विचारा.' काय विचारायचं तुला?"

आतल्या खोलीत सासूबाई कण्हत होत्या. पुस्तक माझ्या हाताशी होतं.

"काही नाही," मी म्हणाले. "आकडा मी बरोबरच वाचला होता."

त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

मग अज्जांनी आपलं काम चोख केलं. फाउंड्रीत, लग्नकार्यात, बस्तीत दर्शनाला भेटेल त्याला सांगितलं की या माणसाला माप कळत नाही, याच्या हातात गाडी देऊ नका. गाड्या कमी होत गेल्या. उद्यमनगराच्या बाजूला गेले की मी रिक्षातूनच शेडकडं नजर टाकायची. भिंतीवर काठ्या कमी कमी दिसायच्या. दोन वर्षांत शेड बंद झाली. त्या फरशीवर आता फ्लेक्स छापतात.

इकडं सासूबाई रोज सकाळी चहाबरोबर त्या माणसाला शिव्या द्यायच्या. "डोळं फुटलं हुतं का त्याचं?" म्हणायच्या, त्याच सासूबाई. मी त्यांची पाठ पुसायची, कूस बदलायची, बेडपॅन धुवायची. पाच वर्षांहून अधिक काळ. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. मी ते ऐकून घेत असे.

मिस्त्रींना राजारामपुरीत काम मिळालं. कॉम्प्युटरवर चाकांची मापं घेणारं एक दुकान आहे, तिथं गाडी रॅम्पवर चढवताना समोर उभं राहून हात हलवायचा. "या, या, या. बास." एवढंच काम. माप पडद्यावर दिसतं. गाडीत कोण बसलंय ते कोणी विचारत नाही. मी फिजिओथेरपीला जाते तो दवाखाना त्याच्या पलीकडच्या इमारतीत आहे. मी दिसले की ते दरवेळी विचारायचे, "वहिनी, आक्का कशा हायत?" दुसरं काही नाही. मी म्हणायची, "बऱ्या आहेत." सासूबाई गेल्यावरही दोन वेळा माझ्या तोंडून तेच उत्तर गेलं.

अज्जांना जाऊन वर्ष झालं, तेव्हा एका दुपारी मी रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पुस्तक, वरची ओळ, कार्ड. वर्गात सांगावं तसं क्रमानं. त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये एक गाडी आली, ती रॅम्पवर चढवून परत आले.

"ठाऊक हाय की," म्हणाले. "तिसरं भोक सरकवलं तवाच कळलं. त्ये रिकाम्या गाडीचं माप हुतं."

"मग तुम्ही थांबला का नाही?"

"तुम्ही म्हणाला, लिवल्यालं न्हाई. मला काय वाचाय येतंय?" त्यांनी फडक्यानं हात पुसले. हाताला काही लागलेलं नव्हतं, सवय. "आनि खरं सांगू का, वहिनी? चारचौघात शेठ म्हणालं, तू पाना चालव. मलाबी वाटलं, बघू दे यांच्या पुस्तकाची गंमत. आक्का गाडीत हुत्या, त्येचा इचार केला न्हाई. म्हणून दरवेळी त्यांचं इचारत हुतो."

मी विचारलं, आमची काठी आहे का.

"बंबात घातल्या सगळ्या. चाळीस गाड्यांत दोन आंघोळी झाल्या."

मला वाटलं आता झालं. मी वळले, तसे ते मागून म्हणाले, "सांगितलं त्ये बरं केलं. पण मला कशाला सांगताय? मला ठाऊकच हुतं. शेठ गेलं, आक्का गेल्या, मग तुम्हाला सवड झाली व्हय?"

मी परत त्यांच्याकडं तोंड केलं.

"तुमचा मुलगा दिवाळीला आल्ता. इथनं गाडी घेऊन चालल्ता. मी हात केला. काच वर केली त्यानं. त्याला तेवढं सांगा. बाकी मला काय नको."

मी हो म्हणाले. पुढच्या दिवाळीत तुमचे बाबा आठ दिवस इथं होते. मी रोज सकाळी ठरवलं आणि रोज रात्री त्यांच्या ताटात आवडीचं वाढलं. त्याच्या पुढच्या दिवाळीतही तसंच. गेल्या रविवारी ते 'मूर्ख मिस्त्री' म्हणाले, तेव्हाही माझ्या समोर फोन होता आणि तोंडात जीभ होती. मी म्हणाले, जेवून घ्या, गार होईल.

मिस्त्री अजून तिथंच उभे असतात. थकले आहेत. हात पूर्वीसारखा वर जात नाही. मला बघून आता काही विचारत नाहीत.

तुम्हा दोघांना मी आजवर इंग्रजीतच लिहीत आले, कारण तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. हे मुद्दाम मराठीत लिहिलं आहे. तुमच्या बाबांना ते तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. समोर बसवून जे मला सांगता आलं नाही, ते असं त्यांच्याच आवाजात त्यांच्या कानावर जाईल. ही युक्ती काही धाडसाची नाही, मला कळतं.

बाळ, इथपर्यंत आला असशील तर मुलं तुझ्या तोंडाकडं बघत असतील. मध्ये कुठं थांबला असशील, एखादी ओळ मनात वाचून पुढं गेला असशील, तर मागं जा आणि ती वाच. वरून खालपर्यंत. एकही ओळ गाळू नकोस.